रामजी वानखडेंचा किल्ट

१

बहारीनच्या हूरा भागातल्या आपल्या दुकानात शहजाद टेलरनं बुधवारी सकाळी खुंटीवरचं काळं कव्हर उतरवलं. हाताला ते हलकं लागलं. त्यानं चेन खाली ओढली आणि आत हात घातला. काल दुपारी स्वतःच्या हातानं आत टांगलेला किल्ट गेला होता. तळाशी कापडाची एक चिंधी तेवढी उरली होती, आणि तिच्यात त्याच्याच टाचण्या टोचलेल्या होत्या, अगदी ओळीनं, सगळ्यांची डोकी एका बाजूला. त्यानं मोजल्या. एकोणीस होत्या, म्हणजे एकही कमी नव्हती.

किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार लोकरी पोशाख. त्याला घागरा म्हणायचं नाही. लीना चित्रे एकदा म्हणाली होती, तर स्कॉटलंडवेडा गौरव सबनीस दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. त्याच्या कापडाला टार्टन म्हणतात. रंगीत पट्टे उभे-आडवे विणून चौकड्या पाडायच्या, आणि अमुक चौकडी अमुक घराण्याची असं तिकडे मानायचं. हा हरवलेला किल्ट हिरव्या चौकडीचा होता आणि कॅलमच्या वारलेल्या वडिलांचा होता.

कॅलम हा शुक्रवारचा नवरदेव. नवरी श्रावस्ती वानखडे. दोघं एकाच ऑफिसात इंजिनियर. नवऱ्या मुलाचे वडील नाहीत, म्हणून कॅलमच्या आईनं, मोरागबाईंनी, नवऱ्याचा किल्ट पार्सलनं बहारीनला पाठवला होता आणि सोबत चिठ्ठी घातली होती. लग्नाच्या दिवशी मुलीच्या वडिलांनी हा घालावा, म्हणजे एकच बाप दोघा मुलांसाठी उभा राहील, असं तिच्यात लिहिलं होतं. श्रावस्तीनं ती चिठ्ठी मराठी करून वाचून दाखवली, तेव्हा तिच्या बापानं, रामजींनी, उगाच चष्मा पुसला होता.

तोच किल्ट गेला. बुधवारी अकराला श्रावस्ती जुफैर भागातल्या त्यांच्या इमारतीत दोन मजले खाली उतरली आणि शेजारीण लीनाच्या दारात उभी राहिली.

“लीनामावशी, बाबा म्हणतात ते माझ्यासोबत उभे राहणार नाहीत. ते मागे, लास्ट रोमध्ये बसणार,” ती म्हणाली. “दुसऱ्याची ठेव हरवली, आता विहिणीपुढे कोणत्या तोंडानं उभं राहू, म्हणतात. मला किल्ट नको, मावशी. मला बाबा हवेत.”

मोरागबाई गुरुवारी संध्याकाळी येणार होत्या. लीनाच्या हातात जेमतेम दीड दिवस होता. तिनं घड्याळ पाहिलं, ऑफिसला लीव्ह कळवली आणि गाडीची किल्ली उचलली.

२

लीना मूळची दादरची. बंदरावर आलेल्या मालाची पाहणी करण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती. खोके भिजले, पेट्या फुटल्या, गासड्या गायब झाल्या, की तिला बोलावणं यायचं. हरवलेल्या मालापेक्षा मागे राहिलेलं सामान जास्त बोलतं, यावर तिचा पक्का विश्वास होता. माणसं तिला एवढी कळत नसत. तिच्या स्वतःच्या मुलीनंच तसं तोंडावर सांगितलं होतं आणि ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

लीना आधी शहजादच्या दुकानात गेली. तो पाकिस्तानातल्या सियालकोटचा. त्या गावात घरोघरी किल्ट शिवून जगभर पाठवतात, त्यामुळे बहारीनमध्ये किल्टला हात लावायचा तो त्यानंच. कॅलमचे वडील चांगले पोटवाले होते आणि रामजी शिडशिडीत, म्हणून कमरेचे पट्टे सरकवून चुण्या थोड्या आत घ्यायच्या होत्या. मंगळवारी दोन वाजता रामजी माप द्यायला आले. शहजादनं टाचण्या लावल्या, किल्ट उतरवून घेतला, कव्हरमध्ये टांगला. त्यानंतर दुकानात तिघंच आले, असं तो शपथेवर सांगत होता.

पहिली सुमनबाई, रामजींची बायको. शहजादची बायको खदिजा गावी गेली होती, तेव्हापासून सुमनबाई त्याला अधूनमधून डबा पाठवत. मंगळवारी त्या रिकामा डबा न्यायला आल्या. नमाजाची वेळ झाली होती, म्हणून शहजादनं त्यांना बसवलं, दुकानाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि तो वीस मिनिटं जाऊन आला. मग गौरव सबनीस आला आणि बटण लावलेला आपला कोट हॅंगरसकट घेऊन गेला. शहजादनं स्वतः तो कोट गाडीत टांगून दिला होता. सहाला शिफ्ट संपवून प्रबुद्ध आला, श्रावस्तीचा भाऊ. तो हातात फक्त गाडीची किल्ली घेऊन आला आणि पारदर्शक कव्हरातला सूट घेऊन गेला. आठला शटर खाली.

लीनानं चिंधी उलटसुलट करून पाहिली. मग तिनं शहजादच्या टेबलाकडे पाहिलं. तिथल्या टाचण्या एका पत्र्याच्या डबीत वाटेल तशा ओतलेल्या होत्या. दोन-तीन त्याच्या सदऱ्याच्या कॉलरलाच खोचलेल्या होत्या.

“तुम्ही नमाजाला गेलात तेवढ्यात बाहेरचं कुणी आत आलं असेल,” लीना हिंदीत म्हणाली.

शहजादनं मान हलवली. उलट ती वीस मिनिटंच त्याला सगळ्यात बिनघोर वाटत होती, कारण भाभी बसल्या होत्या. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“मॅडम, आप बोल दो, शहजाद से इस्तरी में जल गया. खलास. मेरा नाम खराब होगा तो होने दो. रामजीभाई को बोलो, बच्ची के साथ खड़े रहें.”

चोर असा बोलत नाही. पण निर्दोष माणूसही असा सहसा बोलत नाही, हे लीनाला खटकलं. तो कुणाला वाचवतोय का, की नुसताच भला आहे, हे तिला ठरवता येईना.

३

आता गौरवकडे जाणं आलं. गौरव सबनीस पुण्याचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. दोन वर्षं एडिंबराला शिकला आणि तिथून डिग्रीपेक्षा जास्त स्कॉटलंड घेऊन आला. इथल्या एका छोट्याशा स्कॉटिश मंडळाचा तो सेक्रेटरी होता. खुद्द स्कॉटिश लोक नियम विसरत आणि गौरव त्यांना आठवण करून देई. लग्नात बॅगपाइप, म्हणजे तिकडची पिशवीची सनई, वाजवणारा माणूस त्यानंच ठरवला होता, म्हणून गेल्या शुक्रवारी वानखड्यांकडच्या जेवणाला तोही होता आणि लीनाही होती.

त्या जेवणात तो जे बोलला, ते आता सगळ्यांच्या तोंडी होतं. मोरागबाईंचा फोटो पाहता पाहता तो म्हणाला होता की टार्टनचं असं असतं, ते कुणीही अंगावर चढवून चालत नाही, त्या रक्ताचं असावं लागतं. लीना तेव्हा सुरमईचा काटा काढण्यात गुंतली होती. तिला वाक्य आठवत होतं. लोकांचे चेहरे मात्र तिनं पाहिलेच नव्हते.

“मी फक्त ट्रॅडिशन सांगितली,” गौरव म्हणाला. त्याच्या केबिनच्या भिंतीवर चौकड्यांचा मोठा तक्ता लावलेला होता. “आणि कायद्यानं कुणालाच बंदी नाही, हेही मी पुढे सांगणार होतो. पण विषय बदलला.”

लीनानं त्याला विचारलं, की एवढा नियमाचा कळवळा आहे, तर हा किल्ट रामजींच्या अंगावर चढू नये म्हणून त्यानं काही केलं का. गौरवचा चेहरा पडला. त्याला खरंच लागलं होतं. तो म्हणाला की आपण आगाऊ असू, पण मुलीच्या लग्नात घोळ घालणारे नाही. मग स्वतःहून एक गंमत सांगितली. त्यानं चौकडी तक्त्यावर जुळवून पाहिली होती. ती भलत्याच घराण्याची निघाली. कॅलमच्या आडनावाशी तिचा काही संबंध नव्हता. आईकडून आली असेल, असा त्यानं अंदाज बांधला होता.

उठता उठता लीनानं सहज विचारलं, की त्या रात्री त्याचं बोलणं ऐकून रामजींचं तोंड कसं झालं होतं.

“रामजीकाका? ते हसले. हसून त्यांनी अजून एक तुकडी मागितली. मग थोडे गप्प झाले, पण चिडलेले वाटले नाहीत,” गौरव म्हणाला. “सुमनकाकूंच्या हातातून मात्र डाव खाली पडला. त्या आत गेल्या त्या जेवणं होईपर्यंत बाहेरच आल्या नाहीत. मला वाटलं, गोडाचं बघत असतील.”

४

प्रबुद्ध भेटला तो सरळ भांडायलाच उभा. किल्ट गेला ते बरं झालं, असं त्यानं तोंडावर सांगितलं. कोणी काय घालावं हे सांगणाऱ्यांच्या तावडीतून आपली माणसं किती कष्टानं सुटली, आणि आता बाबांनी दुसऱ्या कुणाच्या घराण्याचा शिक्का कमरेला का बांधावा, असा त्याचा सवाल होता. आपल्या लग्नात पांढरे कपडे घालतात, ते काय वाईट आहेत. हे सगळं तो बाबांशी महिनाभर भांडत होता आणि हरला होता.

“मी चोरत नसतो, मावशी, मी भांडतो,” तो म्हणाला, आणि ते खरं होतं. जो माणूस आपलं म्हणणं दहा वेळा मोठ्यानं सांगतो, त्याला गुपचूप काही करायची गरज उरत नाही.

राहिले खुद्द रामजी. प्रबुद्धला आतून तोच संशय होता. बाबांचंच मन बदललं, पण पोरीला नाही कसं म्हणणार, म्हणून त्यांनीच शहजादला सांगून किल्ट नाहीसा केला, असं त्याला वाटत होतं. तसं असेल तर शोधून उपयोग नव्हता. ज्याला घालायचाच नाही, त्याच्यापुढे किल्ट नेऊन ठेवणं म्हणजे त्याला भर मांडवात कोंडीत पकडणं झालं असतं. या विचारानं लीना पहिल्यांदा घाबरली.

रामजी बाल्कनीत बसले होते. अकोल्याकडचे, एकसष्ट वर्षांचे, अठ्ठावीस वर्षं बहारीनमध्ये एसी प्लांटचे टेक्निशियन. ते उठायला गेले आणि कमरेला हात लावून पुन्हा बसले.

“काय झालं, रामजीभाऊ?”

“काही नाही. कालच्या रातीपासून कंबर धरली. वय झालं, दुसरं काय,” ते म्हणाले. मग त्यांनी खाली रस्त्यावरच्या टॅक्स्यांकडे नजर वळवली. “लीनाताई, मले कोनी आपल्या घरची वस्तू इतक्या इस्वासानं देल्ली नव्हती. आन ती मी तीन दिवस नाही सांभाळू शकलो. आता पोरीच्या बाजूले उभं राहून त्या बाईच्या डोयात कसा पाहू?”

लीनाचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. तिला एक गोष्ट आठवली होती. गेले चार-पाच दिवस सकाळी सहाला ती फिरायला निघायची, तेव्हा इमारतीच्या जिन्यात रामजी भेटायचे. पायात नवे कोरे काळे बूट, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, आणि वर रोजचा पायजमा दुमडलेला. लिफ्ट असताना ते आठ मजले चढत-उतरत होते. पहिल्या दिवशी ते लाजून म्हणाले होते की बूट पायात बसवतोय, घरात आवाज होतो, आणि घरी कुणाला सांगू नका.

ज्याला किल्ट घालायचा नाही, तो त्याच्यासाठी आठ मजले चढत नाही. म्हणजे रामजी नव्हते. त्यांना तो घालायचाच होता, अगदी मनापासून, आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

लीना घरी आली, चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत तशीच उभी राहिली. घरात कुणालाच माहीत नव्हतं, याच ठिकाणी तिचा विचार अडकला होता. रामजींना किल्ट नकोसा झालाय असं ज्या माणसाला वाटलं असेल, त्यानंच तो नेला असणार. आणि रिकामा डबा न्यायला कुणी केवढी पिशवी आणतं, हे तिनं शहजादला विचारलंच नव्हतं. तिनं फोन लावला.

“पिशवी?” शहजादनं विचारलं. मागचा मशीनचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, “बड़ी थी, मॅडम. मुझे सुबह याद आया. मगर भाभी से मैं कैसे पूछूँ?”

५

गुरुवारी दुपारी वानखड्यांच्या स्वयंपाकघरात सुमनबाई दुसऱ्या दिवशीच्या खिरीसाठी बदाम सोलत होत्या. रामजी बाहेरच्या खोलीत आडवे झाले होते. लीना समोर बसली आणि तीही बदाम सोलू लागली. चौकशी अशी कधी करतात का, हे तिला माहीत नव्हतं. बंदरावर तरी करत नव्हते.

ती हळू आवाजात म्हणाली की टाचण्यांनीच सांगितलं. चोराला घाई असते, तो टाचण्यांसकट कापड कोंबतो. शहजादच्या स्वतःच्या टाचण्या डबीत लोळत असतात. ज्या हातानं घरातली शिवण केली, पोरांच्या पायात टाचणी जाऊ नये म्हणून प्रत्येक टाचणी मोजून परत चिंधीत खोचली, तोच हात त्या ओळीत लावू शकतो. आणि दुकानातल्या सगळ्यात बिनघोर वीस मिनिटांत तिथं राखणीला एकच माणूस होतं.

सुमनबाईंचा हात थांबला नाही. त्यांनी अजून चार बदाम सोलले.

“कुठं ठेवला तेही सांगू का?” लीना म्हणाली. “माझे वडील पँटला इस्त्री नसली की रात्री गादीखाली घालून झोपायचे. किल्टच्या चुण्या मोडू नयेत म्हणून तुम्ही तो गादीखाली नीट पसरून ठेवलात. रामजीभाऊंची कंबर मंगळवार रात्रीपासून धरलीय. ते दोन रात्री त्याच्यावरच झोपलेत.”

तेव्हा कुठे सुमनबाईंनी ताट बाजूला सारलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज शांत होता.

“हाव, मीच नेला. लगन झालं का मी तो कॅलमच्या हातात देनार होती. कोनाचं कापड खराब करनारी मी नाही.” त्यांनी पदरानं हात पुसले. “लीनाताई, हे नऊ वर्साचे होते तवा. मोठ्या बहिनीचं लगन होतं. मामानं याईच्या डोक्याले गुलाबी फेटा बांधून देल्ला. हे गावात मिरवाले निंघाले. वेशीपाशी चार जनांनी थांबवलं. काढ, म्हने. तुमच्या लोकाईनं फेटा बांधाचा नाही. याईनं काढला, काखेत धरला आन तसेच मांडवात आले. लग्नाच्या पहिल्या वर्साले मले एकडाव सांगतलं. तवापासून चाळीस वर्सात पुन्हा नाही सांगतलं. आन त्या दिवशी गौरवसाहेब म्हनले, कोनीही घालून चालत नाही. माह्या हातातून डावच सुटला. मी म्हनलं, पोरीसाठी हे घालतीन, हासत घालतीन, पन उभे राहतीन तवा सारा वेळ वाट पाहतीन, का आता कोन म्हनते काढ म्हनून. घातलाच नाही तं काढ कोन म्हनन?”

चोर सापडला की समाधान वाटतं, तसं लीनाला काहीच वाटलं नाही. तिनं सुमनबाईंचा बदामानं चिकट झालेला हात धरला. मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. मान खाली जाऊ नये म्हणून किल्ट नेला, आणि आता किल्ट हरवला म्हणून तेच मान खाली घालून शेवटच्या रांगेत बसणार आहेत. आणि रोज पहाटे जिन्यात कोण बूट घालून चढतंय, हे सुमनबाईंना माहीत आहे का.

“कोन?” सुमनबाईंनी विचारलं.

“मी,” दारातून आवाज आला.

रामजी चौकटीला धरून उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते आत आले आणि कंबर सांभाळत बायकोच्या शेजारी खाली बसले.

“तू सांगतलं ते खरं, पन अर्धं सांगतलं,” ते म्हणाले. “तवा मी नऊ वर्साचा होतो. काढ म्हनलं, काढला. तवापासून मी वाटच पाहून रायलो, का कोनीतरी पुन्हा म्हनन. नवा सदरा घातला तरी पाहो. बहारीनले आलो तरी पाहो. त्या दिवशी गौरवसाहेबानं म्हनलं, आन मी आपल्या आत पाह्यलं. मले काहीच झालं नाही, सुमन. मले हासू आलं. पन्नास वर्स ज्याले भेलो ते आलं, आन जेवत्या ताटावरून निंघून गेलं. आता कोनी म्हनलं काढ, तं मी म्हनीन, नाही काढत.”

“मंग तुमी गप्प काहून झाले?” सुमनबाई म्हणाल्या.

“रडू आलं असतं तं पाहुन्याईसमोर बरं दिसलं असतं का?”

चाळीस वर्षं एका ताटातलं खाल्लेल्या दोन माणसांना एकमेकांचं गप्प बसणं कळलं नव्हतं. एकाला रडू दाबायचं होतं आणि दुसरीनं त्यात जुनी वेस पाहिली होती. लीनाला वाटलं आपण उठावं. शेवटी सुमनबाईच उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि गादी उचलल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी शहजाद दुकान बंद करून सुई-दोरा घेऊन स्वतः जुफैरला आला. पट्टे सरकवता सरकवता त्यानं किल्ट कुठे सापडला हे एकदाही विचारलं नाही. चुण्यांवरून हात फिरवून एवढंच म्हणाला, की इस्त्री मात्र फार सुंदर झाली आहे.

६

शुक्रवारी सकाळी जनाबिया भागातल्या बंगल्यांच्या कंपाउंडमधल्या हिरवळीवर पांढरं कापड अंथरलेलं टेबल होतं. त्यावर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. श्रावस्ती पांढऱ्या साडीत होती. रामजी आतल्या खोलीत पांढरा शर्ट आणि किल्ट घालून उभे होते, आणि मोरागबाई त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून किल्टची पिन लावत होत्या. पिन फक्त वरच्या पदरातून घालायची, दोन्हींतून नाही, नाहीतर चालताना कापड ओढतं, असं त्या सांगत होत्या. श्रावस्ती आईसाठी मराठी करत होती.

त्याआधी सुमनबाईंनी मोरागबाईंना सगळं सांगून टाकलं होतं. त्यांना कुणी तसं करायला लावलं नव्हतं. श्रावस्तीला ते इंग्रजीत सांगताना दोनदा थांबावं लागलं, कारण फेट्याची गोष्ट ती पहिल्यांदाच ऐकत होती. मोरागबाईंनी ते ऐकून सुमनबाईंना जवळ घेतलं होतं आणि बराच वेळ सोडलं नव्हतं.

गौरव दारापाशी उभा होता. तो आज स्वतःचा किल्ट न घालता साध्या सुटात आला होता. रामजींपाशी जाऊन तो काहीतरी पुटपुटला, आणि रामजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तरी त्याला राहवेना. त्यानं मोरागबाईंना विचारलंच, की ही चौकडी त्यांच्या माहेरची का, कारण सासरच्या नावाशी ती जुळत नाही.

मोरागबाई हसल्या. घराणं कसलं, त्या म्हणाल्या. नवरा गोदीत वेल्डर, सासरा गोदीत वेल्डर. लग्नाच्या आधी नवरा दुकानात गेला, नमुन्यांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं आणि या हिरव्यावर बोट ठेवलं. घरामागच्या टेकडीचा रंग असाच आहे, म्हणाला. सासरे तिथंच ओरडले, की ही आपली नाही, दुसऱ्यांची आहे.

“मग कॅलमचे बाबा काय म्हणाले?” गौरवनं विचारलं.

श्रावस्तीनं ऐकलं आणि आईकडे वळली. “आई, ते म्हणाले, आज नाही. मी घातली की होईल.”

सुमनबाईंनी मान डोलावली. रामजींनी किल्टकडे पाहिलं, चुणीवरून हलकेच हात फिरवला आणि पोरीपुढे कोपर धरलं.

बाहेर बॅगपाइप सुरू झाला. बापलेक हिरवळीवर आले. दोन्ही बाजूंना ऑफिसचे लोक, विहारात येणारी मंडळी, कॅलमचे मित्र, कडेला शहजाद. लीना सुमनबाईंच्या शेजारी उभी होती. तिला दिसलं की सुमनबाई नवऱ्याकडे बघतच नाहीत. त्या लोकांकडे बघतायत. एकेक चेहरा, पहिल्या रांगेपासून, दुसऱ्या रांगेतला, झाडाखालचा, फोटो काढणाऱ्याचा. ओठ कुणाचे हलतायत का, कोण कुणाच्या कानाशी लागतंय का. त्यांनी लीनाचा हात घट्ट धरला होता.

रामजी चालत होते, ना घाईनं ना रेंगाळत, मुलीच्या पावलाला पाऊल लावून. अर्धं अंतर झालं. कुणी काही म्हणालं नाही. कॅलम पुढे वाट पाहत उभा होता, त्यानं वडिलांचा किल्ट येताना पाहिला आणि डोळे पुसले. रामजी टेबलापाशी पोचले, वळले आणि लेकीच्या बाजूला सरळ उभे राहिले.

शेवटच्या रांगेपर्यंत सुमनबाईंची नजर जाऊन आली. मग लीनाच्या हातावरची त्यांची पकड सैल झाली. त्यांनी लोकांकडे पाहणं सोडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“बरे दिसतात न?” त्या म्हणाल्या.